पहिल्या फ्रेटवर हात भरून येतो, शॉर्ट स्केल घेऊ का?

खर्जदार (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण पाल्हाळ लावतो. मागं एकानं इथं दोन ओळींत प्रश्न टाकला होता, तर तुम्ही लोकांनी "तारा कुठल्या, अँप कुठला, पट्टा केवढा" विचारून त्याला पळवून लावलं.

वय ५८. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात बास. हिंदी-मराठी गाणी, अधूनमधून गझलांचे कार्यक्रम. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यात. वाद्य जपानी फेंडर, जॅझ बास, '६२ चं रीइश्यू. १९९६ साली बोटीवर वाजवणाऱ्या एका गोवेकर वादकाकडून घेतलं, तेव्हापासून दुसरं वाद्य हातात धरलेलं नाही. वजन ४.३ किलो. तारा राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत वेटोळ्यांच्या, जाडी ४५ ते १०५. अँप १५ इंची स्पीकरचा जुना कॉम्बो, टेंपोतनं उतरवायला दोन माणसं लागतात आणि त्यातला एक नेहमी चहाला गेलेला असतो.

दुखणं डाव्या हाताचं. मध्यंतरानंतर अंगठ्याच्या बुडापासनं मनगटापर्यंत हात भरून येतो. पाचव्या फ्रेटच्या (नेकवरची धातूची आडवी काडी, डोक्याकडून मोजायची) वर वाजवताना काही होत नाही. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर आलो की तार दाबायला जोर लागतो आणि अंगठा मागनं नेक आवळायला लागतो.

आता पट्ट्यांचं सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. आमच्या दोन्ही गायिका पांढरी चार नाहीतर काळी पाचमध्ये गातात. पुरुष गायक काळी एक, काळी दोन. कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं बटण दाबतो, गिटारवाला कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) चढवतो, दोघं मोकळे. बासवाल्याला बटणही नाही आणि कापोही नाही. पांढरी चार म्हणजे ई तारेचा पहिला फ्रेट, काळी पाच म्हणजे ए तारेचा पहिला फ्रेट. तीन तास तिथंच मुक्काम.

मुलगा म्हणतो, बाबा ३० इंची शॉर्ट स्केल (तारेची वाजती लांबी कमी असलेला बास, माझा ३४ इंची आहे) घ्या, हात वाचेल. मला धाकधूक खर्जाची. शॉर्ट स्केलवर ई तार नुसती ढबढबते असं ऐकून आहे. आणि आमच्याकडं पहिल्या दोन रांगांत कान असलेली माणसं बसतात. पंचमदांचं गाणं लागलं की टोनी वाझ यांनी काय वाजवलंय ते त्यांना पाठ असतं, तिथं ढबढब चालत नाही. दुसरं म्हणजे, खोटं कशाला बोलू, पांढऱ्या केसांचा माणूस गळ्यात एवढासा बास अडकवून उभा राहिला तर कसा दिसेल, हेही मनात येतं.

डॉक्टरांना दाखवलंय. "वाजवणं कमी करा" म्हणाले. ते सोडून काहीही सांगा.

मांडवीपार (म्हापसा)

दिसण्याचं आधी निकालात काढतो. स्टॅन्ली क्लार्क. ताडमाड उंच माणूस, मोठे पंजे, डबल बासवर वाढलेला. आणि बास गिटार म्हणून आयुष्यभर काय वाजवतो, तर अलेम्बिकचा शॉर्ट स्केल, पाऊण इंच जास्त म्हणजे ३०.७५ इंची. मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गला घेतलेला होफनरही ३० इंचीच. तेव्हा लहान मुलाचं वाद्य वगैरे डोक्यातून काढा खर्जदार.

मी दोन्ही वाजवतो. हॉटेलात बसून वाजवायचं असेल तर शॉर्ट, चर्चच्या फेस्ताला बाहेर मैदानात लाँग. फरक काय, ते आकड्यात सांगतो. ३४ इंचीवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर १३० मिलिमीटर. ३० इंचीवर तेच ११४. दीड सेंटिमीटरहून जास्त वाचतं, आणि हाताला ते लगेच कळतं. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, म्हणून त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर शॉर्टवर ताण २२ टक्के कमी. आनंद यातच आहे आणि ढबढबही यातूनच येते. तार सैल, म्हणून जोरात मारली की सूर क्षणभर वर जातो आणि मग खाली बसतो. उजवा हात हलका असणाऱ्याला हे जाणवत नाही. तुमचा कसा आहे?

शॉर्ट घेतलाच तर तारा शॉर्ट स्केलच्याच घ्या. लाँगच्या तारा कापून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. जाड वेटोळ्यांचा भाग खुंटीवर वळवला की तार तिथं तुटते किंवा मेल्यासारखी वाजते. आणि विकत घेण्याआधी पट्टा लावून, उभं राहून दोन्ही हात सोडून बघा. छोट्या हलक्या बॉडीचे काही बास हात सोडला की डोकं खाली टाकतात. मग डावा हात तार दाबणार की नेक उचलून धरणार? तुमचं दुखणं दुप्पट होईल.

एडिसनचा आबा (न्यू जर्सी)

खर्जदारसाहेब, शॉर्ट बिर्ट सोडा, पाच तारी घ्या. बी तारेच्या सहाव्या फ्रेटवर तुमची पांढरी चार बसलेली आहे. सहा ते नऊ फ्रेटचं अंतर ३४ इंचीवरसुद्धा ९७ मिलिमीटर, म्हणजे मांडवीपारच्या शॉर्टच्या पहिल्या फ्रेटपेक्षा कमी. काळी पाच ई तारेच्या सहाव्यावर. पहिल्या फ्रेटला रामराम.

आणि तो १५ इंची डबा भंगारात द्या. आजकाल क्लास डी अँपचं हेड तीन किलोच्या आत येतं, निओडिमियमच्या स्पीकरचं कॅबिनेट एका हातात उचलता येतं. पाठ शाबूत राहील.

(माझ्याकडे तळघरात अकरा बास आहेत, त्यामुळे माझा सल्ला कुणी ऐकू नये असं आमच्या घरातून सांगण्यात आलेलं आहे.)

नटबोल्ट (पुणे)

थांबा सगळे. अजून वाद्य कुणी बघितलेलंच नाही आणि तीन बास विकत घेऊन झाले.

खर्जदारकाका, तुम्ही लिहिलंय की पाचव्याच्या वर त्रास नाही आणि पहिल्यावर जोर लागतो. स्केल लांब असल्याचा त्रास असा एकदम पहिल्या फ्रेटवर येऊन बसत नाही, हळूहळू वाढत जातो. एकदम वाढतो तो नट, म्हणजे डोक्यापाशी तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडा, उंच असला की. नटच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर तार खोल दाबावी लागते, आणि जसजसं वर जाल तसा नटचा संबंध सुटत जातो. तुमच्या हकिगतीत मला हेच दिसतंय.

तपासायला काही लागत नाही. प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. साध्या कागदाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, एवढीच हवी. व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर नट घासायला आलाय. याहून पक्की परीक्षा म्हणजे तुमच्या त्या मोकळ्या झालेल्या गिटारवाल्याचा कापो मागून घ्या. जॅझ बासची नेक नटपाशी ३८ मिलिमीटरचीच असते, जरा मजबूत स्प्रिंगचा कापो तिथं बसतो. पहिल्या फ्रेटवर चढवा आणि दुसऱ्यावर वाजवा. एकदम लोण्यासारखं वाटलं तर गुन्हेगार नटच.

मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक सांभाळणारी सळई. तुमच्या रीइश्यूचा स्क्रू नेकच्या बुडाशी असतो, बॉडीत दडलेला. नेक सोडवल्याशिवाय तो फिरवता येत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याच्या वाटेला जात नाहीत. कोल्हापूरच्या पावसात लाकूड हलणारच. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून मध्ये आठव्यापाशी फट बघा. तुमच्या बोर्डाची गोलाई सव्वासात इंची आहे, त्याला फेंडरचा आकडा ०.३५ मिलिमीटर. सतराव्या फ्रेटवर उंची ई तारेखाली २.८ ते जी तारेखाली २.४ च्या आसपास ठेवा. एवढं झाल्यावरही हात भरला, तर मग वाद्य बदलायचं बोला.

खर्जदार

आज सकाळी गिटारवाल्याकडनं कापो आणला. त्यानं "बासवाल्याला कापो कशाला" म्हणून दहा मिनिटं खाल्ली.

नटबोल्ट, व्हिजिटिंग कार्ड सोडा, ई तारेखाली लग्नाची पत्रिका जाईल. कापो लावून दुसऱ्या फ्रेटवर वाजवलं, ते वाद्य माझं वाटेना. हा नट मूळचा नाही. गोवेकरानं दिला तेव्हाच बदललेला होता, बहुतेक जाड तारा लावून बोटीवर वाजवायचा म्हणून. मला वाटायचं बास म्हणजे असाच कडक.

मांडवीपार, उजव्या हाताचं विचारलंत. जड आहे. मांडवात ढोलकी, ऑक्टोपॅड, कोंगो, ड्रम्स सगळं एकदम चालू असतं. मला मीच ऐकू येत नाही, मग मारतो.

आबा, पाच तारीची नेक माझ्या एका मित्राकडं धरून बघितली आहे, दार धरल्यासारखं वाटतं. नको. अँपचा सल्ला मात्र मनावर घेतलाय, आमच्या घरातूनही त्याला पाठिंबा आहे.

मंद्रा (मुलुंड)

खर्जदार, नट घासून घ्या, पण हातही बघा. मी काही वर्षं डबल बास शिकले आणि मग बास गिटारवर परत आले, तेव्हा शिकवताना पहिल्यांदा जे मोडते ते "एका फ्रेटला एक बोट". पाचव्या-सातव्या फ्रेटच्या वर ते ठीक आहे. खाली चार बोटं चार फ्रेटवर ताणून ठेवायची म्हणजे हात सतत १३० मिलिमीटर फाकलेला, वाजवत असा नाहीतर नसा. डबल बासवाले सिमांडलच्या पद्धतीने एक-दोन-चार वापरतात. पहिलं बोट, दुसरं बोट आणि करंगळी, तिच्या मदतीला अनामिका. हात तीन फ्रेटांपुरताच. पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचं अंतर ८९ मिलिमीटर आहे. एवढ्यासाठी शॉर्ट स्केल लागत नाही.

तुम्ही म्हणाल चौथा फ्रेट लागला तर? तुमच्याच पट्ट्या घेऊन बघा. पांढरी चारचा मेजर: पहिल्या फ्रेटवर सा, तिसऱ्यावर रे, ग म्हणजे मोकळी ए तार. मग ए तारेच्या पहिल्यावर म, तिसऱ्यावर प, ध म्हणजे मोकळी डी. दुसऱ्यावर नी, तिसऱ्यावर वरचा सा. चौथा फ्रेट कुठेच आला नाही. काळी पाच ए तारेपासून सुरू करा, हुबेहूब तेच. सा, प आणि वरचा सा एवढंच धरून चालणाऱ्या गाण्यांत तर पहिलं बोट आणि करंगळी, विषय संपला. बाकीच्यांनी कापो लावून मिळवलेल्या मोकळ्या तारा तुम्हाला या दोन पट्ट्यांत फुकट मिळतात, त्या वापरा. मोकळी तार वाजत असते तेवढा वेळ डावा हात रिकामा असतो. तेवढ्यात तो सैल सोडायचा, नेक धरून बसायचं नाही.

अंगठ्यासाठी एकच व्यायाम देते. अंगठा नेकवरून पूर्ण उचला आणि गाणं वाजवा. बॉडी उजव्या कोपराने पोटाशी धरली की दंडाच्या वजनाने तार दाबली जाते. मैफलीत असं वाजवायचं नाही, घरी रोज थोडा वेळ. अंगठा किती फुकटचा जोर लावत होता ते तुम्हाला लगेच कळेल. पट्टा आखूड करा; बसल्यावर बास जिथे येतो तिथेच उभं राहिल्यावर यायला हवा, आणि हेडस्टॉक खांद्याच्या उंचीकडे. तो मांडीवर लोंबला की मनगट काटकोनात वळतं, त्याला नट बिचारा काय करणार.

आणि एक. तुम्ही अंगठ्याच्या बाजूचं दुखणं सांगताय. बोटांत मुंग्या येतात का, आणि आल्या तर कोणत्या, ते डॉक्टरांना नेमकं सांगा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची नस मनगटातून दबते. करंगळी-अनामिकेची नस कोपरातून जाते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

एडिसनचा आबा

मंद्राताई, सगळं मान्य. पण अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या बासवाल्या जेमर्सनचं काय? १९६२ चा प्रिसिजन, ला बेलाच्या ५२ ते ११० फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारा, तारा बोर्डापासून हातभर वर, उजव्या हाताची एकटी तर्जनी. त्याने ना नट घासला ना तारा बदलल्या, आणि अर्धं मोटाउन वाजवून ठेवलं.

मंद्रा

आबा, जेमर्सनही डबल बासवरूनच आला होता. त्याचा डावा हात त्या ताणावर तयार झालेला होता. आणि त्याच्या ओळी नीट ऐका, मोकळ्या तारांचा इतका वापर फार कमी लोकांनी केलाय. शिवाय डेट्रॉइटच्या त्या स्टुडिओत त्याला स्वतःला ऐकू येत होतं. खर्जदारांना येत नाही.

खर्जदार, अँप खाली जमिनीवर असतो ना? खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. बासच्या आवाजातला जो भाग बोटांना "हं, वाजलं" असं सांगतो तो मधल्या पट्टीतला असतो आणि स्पीकरच्या तोंडासमोरच ऐकू येतो. तुमच्या पोटऱ्यांना तो छान ऐकू येत असेल, कानांना नाही. कान आणि स्पीकर समोरासमोर आले की उजवा हात आपोआप हलका होतो, आणि उजवा हलका झाला की डावा. हे दोन्ही हात एकमेकांचं बघून जोर करतात.

मांडवीपार

मंद्राने मेजर पट्ट्यांचं बरोबर सांगितलं. पण काळी एक, काळी दोन गाणाऱ्या पुरुषांचं काय? आणि मायनर गाण्यांचं? तिथे मोकळ्या तारा कुठे मिळणार?

माझी युक्ती अशी. चारही तारा अर्धा सूर उतरवा. ई उतरून झाली काळी दोन. ए झाली काळी चार. डी झाली काळी एक. जी झाली काळी तीन. बघितलंत? चारही मोकळ्या तारा काळ्यांवर. विलायती रॉकवाले हे गायकाचा गळा वाचवायला करतात, आपल्याकडे बासवाल्याचा हात वाचवायला करावं. अर्धा सूर उतरवला की ताण ११ टक्के कमी, म्हणजे शॉर्ट स्केलचा निम्मा फायदा, खर्च शून्य. पांढरी चार येते दुसऱ्या फ्रेटवर. दोन ते पाचचं अंतर १२२ मिलिमीटर, तिथेही निम्मा फायदा.

नटबोल्ट

मांडवीपार, मंद्राताईंची फुकटची मोकळी तार मात्र जाते. उतरवलेल्या बासवर पांढरी चारच्या मेजरमध्ये ग पहिल्या फ्रेटवर येतो, मोकळी तार एकही उरत नाही.

मांडवीपार

मेजरमध्ये जाते, मायनरमध्ये परत येते. उतरवलेल्या बासवर पांढरी चारचा मायनर धरा: दुसऱ्यावर सा, चौथ्यावर रे, कोमल ग मोकळा. पुढच्या तारेवर दुसऱ्यावर म, चौथ्यावर प, कोमल ध मोकळा. काळी पाचच्या मायनरलाही तसंच. म्हणजे मेजर गाण्यांच्या कार्यक्रमाला नेहमीचा सूर, मायनर जास्त असतील तर उतरवलेला. आणि काळी एक, काळी दोनवाल्या पुरुषांना उतरवलेलाच बरा, सा मोकळ्या तारेवर मिळतो.

एडिसनचा आबा

यासाठी पेडल मिळतं की. पायाने दाबलं की अर्धा सूर खाली. तारा पिळत बसायला नको.

नटबोल्ट

आबा, पेडलने आवाज उतरतो, तारेचा ताण तेवढाच राहतो. दुखणं काकांच्या हातात आहे, आवाजात नाही.

खर्जदार

मंडळी, बरंच करून झालंय, सांगतो.

पुण्याला यायला जमेना, म्हणून नट मिरजेत घासून आणला. सतारमेकर गल्लीत ओळखीचे एक कारागीर आहेत, सतार-तंबोऱ्याचं काम घराण्यात चालत आलेलं. बास बघून आधी म्हणाले, "ह्याला तरफा कुठं?" (तरफा म्हणजे सतारीच्या खालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा.) मग चष्मा चढवला. मी नटबोल्टचे आकडे कागदावर लिहून नेले होते, त्यांनी कागद बघितला नाही. पहिल्या फ्रेटवर तार दाबली, सोडली, परत दाबली आणि म्हणाले, "दोन केस खाली पाहिजे." जुना नट फेकून हाडाचा नवा कापला. नटबोल्टनं फोनवर एक गोष्ट बजावली होती म्हणून वाचलो: खाच हेडस्टॉकच्या बाजूला उतरती हवी, तार पुढच्या कडेवरच टेकली पाहिजे. सपाट ठेवली तर तार खाचेतल्या खाचेत झणझणते. ते ऐकल्यावर कारागीर हसले, म्हणाले, "म्हणजे जवारी नको. आयुष्यभर जवारी काढत आलो, तुझ्यासाठी पहिल्यांदा बंद जवारी करतो." आता पहिला फ्रेट तिसऱ्यासारखा लागतो. कार्ड जात नाही, कागद जातो.

नेक सोडवून ट्रस रॉडचा स्क्रू पाव आटा फिरवला, तोही त्यांच्यासमोरच, तारा पूर्ण सैल करून. नेकच्या खळग्यात १९९६ च्या आधीची धूळ आणि एक पोर्तुगीज की कसला तरी स्टँप निघाला. तो ठेवून दिलाय.

तारा बदलायच्या म्हणून थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स मागवल्यात, ४३ ते १००, फ्लॅटमध्ये सगळ्यात कमी ताणाच्या म्हणून त्यांचं नाव आहे. महाग आहेत, पण फ्लॅट वर्षानुवर्षं चालतात. जुन्या गाण्यांना गोल आवाज पाहिजे, राउंडवाउंडची खरखर मी आत्तापर्यंत टोनचं बटण बंद करून मारत होतो.

मंद्राताई, अंगठा उचलून वाजवायचं बघितलं. पहिल्या दिवशी एक अंतरा पुरा होईना. आता होतो. एक-दोन-चारचं अजून अर्धं हातात, अर्धं डोक्यात. जुनं बोट नकळत तिसऱ्यावर जातं. सूर चुकत नाही, पण हात फाकतो. अँप खुर्चीवर ठेवला तर साउंडवाला म्हणाला "काका, कमी करा", म्हणजे आता ऐकू येतोय.

मांडवीपार, उतरवलेला सूर मी गेल्या गझल कार्यक्रमात वापरून बघितला. जवळजवळ सगळं मायनर होतं. हात मध्यंतरानंतरही ठीक होता, त्यात नटचा वाटा किती आणि सुराचा किती ते देव जाणे. अडचण एकच आली. कीबोर्डवाला आयत्या वेळी "दादा, पांढरी दोन" म्हणाला, आणि मला पांढरी दोन शोधायला एक क्षण लागला. समोरच्या रांगेतल्या एकानं मान वर केली. फ्रेटबोर्डच्या कडेला बारीक खुणा करून ठेवणार आहे, निदान काही दिवस.

शॉर्ट स्केलचं तूर्त बारगळलं. मुलगा नाराज आहे, त्याला वाजवायचा होता.

आता एक शंका. फ्लॅटचा ताण कमी, त्यात अर्धा सूर उतरवला तर तारा फारच सैल होतील का? गझलांचा पुढचा कार्यक्रम सांगलीत आहे.

नटबोल्ट

होतील. त्या तारा नेहमीच्या सुरातच मऊ असतात. उतरवून हळू हाताने वाजतील, पण ड्रम्सबरोबर ई तार फ्रेटवर फटफटेल. सांगलीपुरत्या जुन्याच तारा ठेवा, कार्यक्रम झाला की फ्लॅट चढवा. त्या चढवल्यावर रिलीफ (नेकचा हलका वाक) परत बघावा लागेल, म्हणजे नेक परत सोडवणं आलं. तेव्हा बुडाशी स्क्रू फिरवता येईल एवढी खाच पिकगार्डला करून घ्या, पुढच्या वेळी नेक काढायला नको. आणि खाच त्या मिरजेच्या काकांकडूनच करा, माझ्याकडे नको, माझा हात एवढा सरळ चालत नाही.

मांडवीपार

आणि मुलाला शॉर्ट घेऊन द्या हो. घरात एक असू दे. आबाचे अकरा आहेत.